गुडघ्याची पावडर आणि मावशींचा पाय



दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या गटात एक वेगळाच कर्जाचा अर्ज आला. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही, पोरीच्या फीसाठीही नाही. आमच्या एका मावशींना साडेचार हजार रुपये हवे होते, तीन महिन्यांच्या कोलॅजेन पावडरीसाठी. तालुक्याच्या बाजारात एक बाई ती विकते. तिने सांगितलं होतं की हिने गुडघे मोकळे होतात आणि साखरही उतरते. मावशींना आठ वर्षांपासून डायबेटीस आहे. एक डबा त्यांनी आधीच संपवला होता. उठता उठता त्या सहज बोलून गेल्या, "आता साखरेची गोळी सोडलीय मी, महिना झाला."

आम्ही अर्जावर लगेच हो-नाही केलं नाही. उपकेंद्रातल्या ताईंना विचारलं, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं, स्वतः वाचलं. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

कोलॅजेन हे काही नवीन औषध नाही. ते आपल्याच अंगात आहे. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण तिसरा हिस्सा कोलॅजेनचा असतो. कातडीला ताण देतं ते, हाडाला चिवटपणा देतं ते, गुडघ्यात हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते, म्हणजे कूर्चा, तिच्यातही तेच. पायाचं सूप गार झालं की थलथलीत होतं ना? ते उकळून सुटलेलं कोलॅजेनच.

त्याची बांधणी मात्र ऐकण्यासारखी आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. कोलॅजेनमध्ये अशा तीन माळा एकमेकींत वळलेल्या असतात, तिपेडी वेणीसारख्या. हे १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी दाखवून दिलं. या वेणीत दर तिसरा मणी ग्लायसिनचा असतो, कारण तो सगळ्यांत लहान. पेड घट्ट वळले की आत दुसऱ्या मोठ्या मण्याला जागाच उरत नाही.

आता पावडर खाल्ली की काय होतं? पोटात वेणी उसवते आणि बहुतेक मणी सुटे होतात. काही दोन-तीन मण्यांचे तुकडे रक्तात जातात, हेही खरं. पण तिथून पुढे ते कुठे वापरायचे हे शरीर ठरवतं, डब्यावरचं चित्र नाही. कातडीवर थोडा फरक पडल्याचे काही अभ्यास आहेत, पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांना पैसा विकणाऱ्यांनीच दिलेला. आणि साखरेची गोळी सोडावी असं तर त्यात काहीच नाही. शिवाय हे प्रथिन अपुरं आहे. जे नऊ मणी आपल्याला अन्नातूनच घ्यावे लागतात, त्यातला ट्रिप्टोफॅन कोलॅजेनमध्ये नसतोच.

आणखी एक गोष्ट. ही पावडर जनावरांची कातडी, हाडं, माशांची खवलं यांपासून बनते. मावशी माळकरी. डबा फिरवून आम्ही त्यांना तपकिरी खूण दाखवली तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. विकणाऱ्या बाईने एवढं तरी सांगायला हवं होतं.

मण्यांचं म्हणाल तर ते आपल्या स्वयंपाकघरात आहेत. ज्वारी-बाजरीत लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते भाकरीत मिळतं. म्हणून पिठलं-भाकरी ही जोडी पक्की आहे. चूक आपली एवढीच होते की वरण पाण्यासारखं करतो आणि आपल्या वाट्याला तळाचं उरतं. पन्नास किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४२ ग्रॅम प्रथिन लागतं. तीस ग्रॅम तूरडाळीतून सहा-सात ग्रॅमच मिळतं. तेव्हा मटकी, हुलगे, फुटाणे, शेंगदाणे, ताक, चालत असेल तर अंडं, हे दिवसभरात आलं पाहिजे. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या बायांनी मात्र किती खायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.

वेणी घट्ट राहायला क जीवनसत्त्वही लागतं. ते नसलं तर हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमा उघडतात. १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने जहाजावरच्या आजारी खलाशांना संत्री-लिंबं दिली आणि ते उठून कामाला लागले. आपल्याकडे आवळा आहे, पेरू आहे. लिंबू पिळायचं ते भांडं चुलीवरून उतरल्यावर, उकळत्यात नाही.

आता साखरेचं. रक्तात साखर जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटते. तीन महिन्यांची साखर म्हणून जी एचबीएवनसी तपासणी करतात, ती रक्तातल्या लाल प्रथिनाला चिकटलेली साखरच मोजते. लाल पेशी साधारण १२० दिवसांनी बदलतात. कातडीतलं कोलॅजेन बदलायला मात्र वर्षानुवर्षं लागतात, आणि गुडघ्याच्या कूर्चेतलं तर जवळजवळ जन्मभर तेच राहतं. म्हणजे त्यावर साखर साचतच जाते आणि पेड एकमेकांना चिकटतात. गुऱ्हाळावर दाव्यावर काकवी सांडली आणि वाळली की दावं कसं ताठ होतं, वळत नाही, तसंच हे. खांदा आखडतो, बोटं ताठरतात.

ऐकता ऐकताच हात जोडून नमस्कार करा बरं. दोन्ही तळहात आणि बोटं एकमेकांना पूर्ण टेकतात का? मध्ये फट राहत असेल तर लगेच डायबेटीस आहे असं नाही, पण साखर तपासून घ्या. तीस वर्षांवरच्या प्रत्येकीची साखर आणि बीपी उपकेंद्रात मोफत तपासतात. आशाताईंना विचारा.

मावशींना आम्ही त्याच दिवशी हात जोडायला लावले. बोटांमध्ये फट दिसली. मग ताई म्हणाल्या, पाय दाखवा. अंगठ्याखाली चपलेच्या पट्ट्याने झालेली जखम होती, आतून ओली. मावशींना पत्ताच नव्हता, कारण साखरेने पायाच्या नसा बधिर होतात. जखम भरायची तर शरीराला नवीन कोलॅजेन विणावं लागतं, आणि रक्त गोड असलं की तेच काम रेंगाळतं. ज्याच्यासाठी त्या कर्ज काढायला निघाल्या होत्या, ते त्यांचं शरीर रोज विणत होतं आणि बंद केलेली गोळी त्यात खोडा घालत होती. दुसऱ्या दिवशी तालुक्याला नेलं. साखर तीनशेच्या वर निघाली. गोळी पुन्हा सुरू झाली, एक दिवसाआड ड्रेसिंग.

गटाने कर्ज दिलं, पण साडेचार हजार नाही, नऊशे. त्यातून बंद, मऊ तळाच्या चपला घेतल्या, उरलेलं जाण्या-येण्याच्या भाड्याला गेलं. जखम भरायला सहा आठवडे लागले. गुडघा अजून दुखतो, हे मावशी आम्हाला दर बैठकीत ऐकवतात.

आता आम्ही हप्ते गोळा करायच्या आधी सगळ्याजणी चपला काढून एकमेकींचे तळपाय बघतो. पहिल्या दिवशी फार हसाहशी झाली. मग एकीच्या टाचेत बाभळीचा काटा सापडला, आणि तिला तो कधी लागला ते आठवत नव्हतं. तिची साखर परवा तपासायची आहे.