माघवारीतली थंडी

आषाढीला पाऊस सांभाळायचा, तशी माघीला थंडी. मिरज सोडून सांगोल्याच्या माळावर मुक्काम पडला की पहाटे अंग काकडतंय. गार जमीन अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून दोन घोंगडी असतील तर एक अंगाखाली घाला, त्याखाली कडबा पसरा. घामानं भिजलेली बंडी बदलूनच झोपा. डोकं, कान बांधा. पेटती शेगडी तंबूत नेऊ नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

म्हाताऱ्या माणसाचं बोलणं अडखळलं, थरथर थांबली, तर ‘दमलंय, झोपू दे’ म्हणू नका. कोरडे कपडे घाला, घोंगड्यात गुंडाळा, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा पाजा आणि लगेच दवाखान्यात न्या. चोपदारानं मध्यरात्री एक फेरी मारावी. काकड्याला सगळी उठली पाहिजेत, माऊली!