गमबूट टिकतो किती?



मावळ-मुळशीकडे आषाढात भातखाचरं भरली, की पाय सारखे पाण्याचिखलात. त्या पाण्यात उंदराचे मूत मिसळले असले, तर पायाच्या जखमेतून लेप्टोचा ताप शिरतो. बांधाच्या गवतात घोणसही असते. तेव्हा गमबूट ही चैन नव्हे, अवजारच आहे.

आता आपण म्हणाल, "अहो, एवढे पैसे घालून तो टिकणार किती?" खरे सांगू? गमबूट चिखलाने थोडा मरतो. उन्हाने फार मरतो.

घेतानाच घोट्यापाशी दुमडून पाहा. घडीवर बारीक भेगा दिसल्या, तर जोड परत ठेवा. तळ जिथे जोडलाय तिथे बोट फिरवा, फट नको. मापही नीट घ्या. सैल बूट चिखलात रुतून बसतो, पाय तेवढा बाहेर येतो!

संध्याकाळी बूट साध्या पाण्याने धुवा, सावलीत उलटा टांगा. चुलीपाशी वाळवू नका, रॉकेल-तेल लागू देऊ नका. रबरी बुटाला भोक पडले, तर सायकलच्या पंक्चरचे ठिगळ चालते. प्लॅस्टिकच्या बुटाला ते नीट धरत नाही. फाटका बूट मात्र घालू नका. आत साचलेले पाणी दिवसभर जखमेला लागते.

गुरुजी, मुलांना एवढे दाखवाच. दोन रबरबँड घ्या, एक उन्हात ठेवा, एक पेटीत. काही आठवड्यांनी दोन्ही ताणा. पुढे सांगावे लागणार नाही.

आणि हो, सकाळी बूट झटकूनच पाय घाला. आत विंचू असतो कधी कधी.