आधी प्रश्न, मग सॉफ्टवेअर



दिवाळीच्या सुमारास आपल्या आष्टी तालुक्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. आईबापांबरोबर मुलंही जातात आणि शाळेच्या हजेरीतून निसटतात. अशा मुलांसाठी आमची संस्था काम करते. सॉफ्टवेअरसाठी तुमच्यापैकी काहींनी मदत देऊ केलीय, म्हणून दोन शब्द.

कोणतं घ्यायचं, हे नंतर. आपल्याला कळायला काय हवं, हे आधी. आम्हाला हवं ते एवढंच: कोणतं मूल गेलं, कोणत्या कारखान्यावर, परत कधी आलं. एकदाच पाहणी करायची तर कोबोटूलबॉक्स पुरतं. तेच मूल वर्षानुवर्षं नोंदवायचं, तर अवनीसारखं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बरं. दोन्हींत मराठी फॉर्म होतो, रेंज नसली तरी भरता येतो.

माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का आणि पुढच्या वर्षीचा खर्च कोण करणार, हेही विचारा. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, तीही पाळायची.

मदत जरूर करा; पण त्यातला मोठा वाटा कार्यकर्त्यांना शिकवण्यासाठी ठेवा. फडावर उभ्यानं नोंद त्यांनाच करायची आहे.