काडतुसाच्या बुडाची टोपी

बंदुकीविषयी बोलताना माणसे नळीविषयी बोलतात, गोळीविषयी बोलतात, आणि नेमबाजाच्या नजरेविषयी तर फारच बोलतात. परंतु काडतुसाच्या बुडाशी, अगदी मधोमध, मसुराच्या दाण्याएवढी जी एक धातूची टोपी बसविलेली असते, तिचे नाव सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. इंग्रजीत तिला प्रायमर म्हणतात. चाप ओढला, सुईचे टोक या टोपीवर आदळले, की तिच्यातील द्रव्य भडकते. त्याची ज्वाला एका बारीक छिद्रातून आतल्या दारूपर्यंत पोहोचते, आणि मग पुढचा सर्व गडगडाट होतो. ही टोपी नसेल तर उत्तमातील उत्तम रायफल म्हणजे एक जड काठी होय.

जुन्या मराठीत या कामासाठी एक नेमका शब्द होता : रंजक. तोफेच्या कानावर जी बारीक दारू घालीत ती रंजक. जळत्या जामगीने ती पेटवावयाची. तोड्याच्या बंदुकीचीही रीत हीच. पुढे चकमकीच्या बंदुकीने जामगीची कटकट दूर केली, पण रंजक उघडीच राहिली. पावसाची एक सर आली की ती भिजे. आणि कोरडी असली तरी आधी ठिणगी, मग धूर व त्यानंतर बार असा क्रम काही चुकत नसे. हा मधला क्षण ज्यांना सर्वांत अधिक खटकला ते सेनापती नव्हते. स्कॉटलंडमधील बेलहेल्व्ही येथील एक धर्मोपदेशक होते. अलेक्झांडर जॉन फोर्साइथ हे त्यांचे नाव. त्यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता, आणि चकमकीचा लखलखाट पाहून पाखरे गोळी पोहोचण्याच्या आतच सावध होत. पाऱ्यापासून केलेले व आघाताने भडकणारे फल्मिनेट नावाचे द्रव्य एडवर्ड हॉवर्ड यांनी १८०० साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेच होते. फोर्साइथ यांनी या जातीच्या द्रव्यांवर चालणारा घोडा बनवून १८०७ साली त्याचे पेटंट मिळविले. बदकांच्या सावधपणामुळे युद्धशास्त्राला असे वळण लागावे, ही गोष्ट गमतीची खरी!

पुढील वीसएक वर्षांत या द्रव्याची तांब्याची टोपी झाली. १८५७ च्या एन्फील्ड काडतुसाच्या चरबीची कथा सर्वांस ठाऊक आहे. पण ते काडतूस कागदाचे होते आणि टोपी त्याहून वेगळी, हाताने बसवावयाची होती, हे मात्र थोड्यांच्याच लक्षात असते. उठाव लांबत गेला तसतशी लढणाऱ्यांना या टोप्यांची चणचण भासू लागली. दारू गावोगाव करता येत होती, शिसे वितळविता येत होते. टोपीला मात्र कारखाना लागे.

टोपी काडतुसाच्या पोटात गेली ती १८६६ च्या सुमारास, आणि तेथूनच मापांचा घोळ सुरू झाला. त्या एकाच वर्षी दोन पेटंटे निघाली. अमेरिकेतील यादवी युद्धात निवडक नेमबाजांचे पथक चालविणारे हायरम बर्डन हे एक, आणि इंग्लंडमधील वूलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचे एडवर्ड बॉक्सर हे दुसरे. टोपीतील द्रव्य भडकावयाचे तर ते सुई आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडले पाहिजे. बॉक्सर यांनी ही चिमुकली ऐरण टोपीतच बसविली आणि ज्वालेसाठी काडतुसाच्या बुडाला मध्यभागी एकच छिद्र ठेवले. बर्डन यांनी ऐरण काडतुसाच्या पितळेतूनच घडविली आणि तिच्या दोन बाजूंस दोन बारीक छिद्रे पाडली. दोन्ही युक्त्या आपापल्या परीने चोख आहेत. नवल एवढेच, की इंग्रजाची युक्ती अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युक्ती युरोपने!

काडतूस एकदा वापरून टाकून द्यावयाचे असेल तर या भेदाचे काहीच महत्त्व नाही. परंतु काडतुसात सर्वांत महाग काय असेल तर ते पितळी कवच. म्हणून अनेक देशांतील नेमबाज परवान्याच्या व कायद्याच्या मर्यादेत राहून तेच कवच पुनःपुन्हा भरतात. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा बनविता येत नाही.) बॉक्सर पद्धतीच्या कवचात मधल्या छिद्रातून एक सरळ सुई घातली की जळालेली टोपी टपकन खाली पडते. बर्डनच्या कवचात मध्यभागी ऐरण उभी असते, तेथे सुई घालावी कोठून? टोपी बाहेरून आकड्याने उचकटावी लागते किंवा कवचात पाणी भरून त्याच्या दाबाने काढावी लागते. पुण्याजवळील खडकीच्या कारखान्यात, जो १८६९ साली सुरू झाला, ब्रिटिश अमदानीत .३०३ ची काडतुसे तयार झाली ती बर्डन पद्धतीची होती. त्यांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे उठविलेली असत. परदेशातील एखाद्या हौशी नेमबाजाच्या हाती असे कवच आले की, पितळ कितीही चांगले असले तरी, तो बहुधा ते मोडीत टाकतो.

आता मापांकडे वळावे. बर्डनच्या टोप्या साडेचार, साडेपाच, सहा मिलिमीटरांच्या वर अशा अनेक व्यासांत निघाल्या. ज्या देशाचा जसा कारखाना तसे माप. बॉक्सर टोपीची मात्र सामान्य वापरात मुख्यतः दोनच मापे टिकली. लहान टोपीचा व्यास ०.१७५ इंच, मोठीचा ०.२१० इंच. दोहोंत फरक मिलिमीटरभरही नाही. पण या दोन मापांच्या पोटात आणखी भेद आहेत आणि खरा धोका तेथेच आहे. पिस्तुलाची लहान टोपी आणि रायफलीची लहान टोपी यांची बाह्य मापे सारखी, परंतु रायफलीच्या टोपीचा पत्रा जाड असतो, कारण तिला पिस्तुलाहून पुष्कळ अधिक दाब सोसावयाचा असतो. पातळ टोपी रायफलीत गेली तर सुई तिला आरपार भोसकू शकते आणि तप्त वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे, उसळतो. मोठ्या टोप्यांत भेद उंचीचा आहे. रायफलीची मोठी टोपी पिस्तुलाच्या टोपीहून किंचित उंच असल्याने पिस्तुलाच्या कवचात ती पूर्ण बसत नाही, बाहेर डोकावते. अशा टोपीवर बंदुकीचा मागचा भाग धाडकन आपटला तर चाप ओढण्यापूर्वीच बार उडण्याची भीती असते. उलट पिस्तुलाची टोपी रायफलीच्या कवचात खोल जाते आणि ऐन वेळी सुई नुसती खट् करून थांबते.

निदान एका जातीच्या काडतुसाला एकच माप असावे, अशी अपेक्षा कोणीही करील. तसेही घडलेले नाही. .३५७ मॅग्नम १९३५ साली निघाले ते मोठ्या टोपीचे. पुढे ते लहान टोपीवर आले. अमेरिकन सैन्याने १९११ साली स्वीकारलेल्या पिस्तुलाचे .४५ चे काडतूस कित्येक दशके मोठ्या टोपीचेच मानले जाई. नंतर बंदिस्त नेमबाजीगृहांतील हवेत टोपीतले शिसे मिसळते ही गोष्ट ध्यानात आली. शिसेविरहित टोपी करताना काही कारखान्यांनी लहान माप घेतले, आणि मग साध्या काडतुसांतही तेच चालू ठेवले. पिस्तूल मात्र तेच, गोळी तीच, कवच बाहेरून तेच!

रायफलीच्या बाबतीत हा बदल विचारपूर्वक झाला. १९९२ साली न्यू मेक्सिकोतील रॅटन येथे झालेल्या पाल्मा सामन्यासाठी .३०८ ची कवचे मुद्दाम लहान टोपीची करण्यात आली. लहान टोपीचा भडका बेताचा, म्हणून गोळ्यांचा वेग अधिक एकसारखा राहतो, असा त्यामागील विचार होता. शिवाय टोपीभोवती पितळ अधिक उरते आणि कवच अधिक वेळा भरता येते. कडाक्याच्या थंडीत मात्र एवढी दारू पेटविण्यास हा बेताचा भडका कधी कधी अपुरा पडतो. म्हणजे शिकाऱ्याला मोठी टोपी बरी आणि स्पर्धकाला लहान, असे म्हणावयास हरकत नाही. कारखानदारांनी मात्र हा फरक बुडावर ठळकपणे लिहिण्याचा शिरस्ता पाडला नाही, हे शहाणपणाचे झाले नाही. अमेरिकेतील कारखानदारांची प्रमाणसंस्था १९२६ पासून काम करीत आहे. एवढी एक खूण ठरविणे तिला अवघड नव्हते.

२०२० नंतरच्या टंचाईत या प्रश्नाला निराळीच धार आली. अमेरिकेत टोप्यांचा दुष्काळ पडला, किमती भडकल्या, आणि ज्याच्या घरी मोठ्या टोप्यांचा साठा होता त्याची लहान मापाची कवचे नुसती पडून राहिली. याच्या उलटही झाले. पण नित्याचा त्रास निराळाच आहे. नेमबाजीच्या मैदानावरून वेचून आणलेली .४५ ची कवचे एका मागून एक यंत्रात जात असतात. पाचपन्नास बिनतक्रार जातात, आणि मग एका लहान खळग्यावर मोठी टोपी येऊन दाबली जाते. हात जागच्या जागी अडतो. तेथे जोर न करता थांबणारा मनुष्य शहाणा, कारण त्याच्या मुठीखाली चिरडत असते ते आघाताने भडकावे म्हणूनच बनविलेले द्रव्य. म्हणून अनुभवी माणसे यंत्रापाशी बसण्यापूर्वी दिव्याच्या उजेडात एकेक कवच उलटे धरतात, बुडाकडे पाहतात, आणि लहान खळग्याचे एका डब्यात, मोठ्याचे दुसऱ्या डब्यात टाकतात.