बंदूक कोणी धरायची, हे कोणी ठरवले?
(दिल्लीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला महार शिपाई कंपनीच्या फौजेत लढले. तिथल्या स्तंभावर त्यांची नावे आहेत. गावाला ज्याची सावली चालत नव्हती, त्याच्या खांद्यावर बंदूक आली. पण ती सरकारची होती. शिपायाने घरी आणले ते पेन्शन आणि अक्षर. सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. बाबासाहेबांच्या घरात शिक्षण आले ते याच वाटेने.

पुढे इंग्रजांनी वायव्य सरहद्दीकडे पाहत ‘लढवय्या जाती’ ठरवल्या आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. वर्णव्यवस्थाच साहेबाच्या शिक्क्याने परत आली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये पुन्हा लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली, युद्धानंतर मोडली. गरज सरो, वैद्य मरो! दुसरे महायुद्ध पेटल्यावर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट निघाली.

म्हणून कोरेगावला मानवंदना देऊ या, पण बंदुकीची पूजा नको. देणाऱ्यानेच ती काढूनही घेतली होती.

आणि ही गोष्ट जुनी नाही. याच दिल्लीत राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाची भरती जाट, राजपूत आणि जाटशीख यांच्यापुरती राहिल्याबद्दल कोर्टात याचिका झाल्या. संविधानाचे सोळावे कलम समान संधी देते. ती मेहेरबानी नाही, हक्क आहे. तो मागत राहू या.

जय भीम!