तार घेण्याआधी



आपल्या वर्गात फोन एक आणि बघणारी माणसे वीस. मागे बसलेल्या आजींना धड्यातले अक्षर दिसेना. म्हणून आम्ही बाजारातून तार आणली. एक टोक टीव्हीला लावले, दुसरे फोनला. पडदा काळाच!

चूक आमचीच. टोक भोकात बसले, म्हणजे काम झाले, असे आम्ही समजलो. तसे नसते, मंडळी. बऱ्याच फोनांच्या खालच्या भोकाला 'टाइप-सी' म्हणतात. त्यातून फोन चार्ज होतो. पण चित्र बाहेर पाठवायची सोय काही फोनांतच असते. पुष्कळ स्वस्त फोनांत ती नसते.

मग एका शिक्षकांचा फोन लावून पाहिला. त्यात ती सोय होती. चित्र आले. आजी म्हणाल्या, "आता दिसलं बरं का, गुरुजी!"

तार कशी लावायची? टीव्हीच्या मागे 'एचडीएमआय' ही चार इंग्रजी अक्षरे असतात. तिथे एक टोक लावा, दुसरे फोनला. रिमोटवरचे 'सोर्स' किंवा 'इनपुट' बटण दाबा. पडद्यावर तेच नाव निवडा.

तार घ्यायला जाल तेव्हा आपला फोन बरोबर न्या. दुकानदाराला म्हणा, "आधी लावून दाखवा." चित्र दिसले, तरच पैसे द्या.