चहाबरोबरचा केक आणि त्याचा हिशोब

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘घरकाम आणि त्याचं मोल’ या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



घरकामावर बोलायचं म्हटलं की आपण पोळ्या, धुणं, पाणी यांच्याबद्दल बोलतो. आज मी मुद्दाम एक परका पदार्थ निवडला आहे : इंग्रजांच्या दुपारच्या चहाबरोबरचा साधा स्पंज केक. त्याचं कारण सांगते. पुरणपोळीचा हिशोब मांडायला बसलं की आपलाच हात अडखळतो. तिच्यात सण असतो, आईची आठवण असते, सासूबाईंची शिकवण असते. ‘मायेनं केलेल्याचे तास काय मोजायचे?’ असं आपल्यालाच वाटतं. केकच्या बाबतीत तसं अवघडायला होत नाही. दुसऱ्याच्या घरातलं काम जरा लांबून बघता येतं. शिवाय आता तो तितका परकाही राहिलेला नाही. बचत गटातल्या बायकांना कुठलं प्रशिक्षण हवं असं विचारलं, की शिवण आणि ब्यूटी पार्लरच्या जोडीला केकचा वर्ग मागितला जातोच.

आधी पदार्थ समजून घेऊ. या केकला राणी व्हिक्टोरियाचं नाव आहे, ‘व्हिक्टोरिया सँडविच’. चार अंडी कवचासकट तोलायची आणि तेवढ्याच वजनाचं लोणी, तेवढीच साखर, तेवढाच मैदा घ्यायचा. म्हणजे साधारण सव्वादोनशे ग्रॅम प्रत्येकी. लोणी आणि बारीक साखर पांढुरकी होईपर्यंत फेसायची. साखरेचे कण लोण्यात घासले जातात तेव्हा हवेचे बारीक बारीक बुडबुडे त्यात अडकतात. मग अंडी थोडी थोडी घालायची. एकदम घातली तर मिश्रण फाटतं. मैदा चाळून अलगद मिसळायचा. फार घोटला तर केक चिवट होतो. दोन डब्यांत ओतून १८० अंशांवर २० ते २५ मिनिटं भाजायचं. आतली हवा फुगते आणि तिच्याभोवती अंडं न् मैदा घट्ट होतात. घाईनं ओव्हन उघडला तर केक बसतो. गार झाले की दोन्ही भागांच्या मध्ये रासबेरीचा जॅम लावायचा आणि वरून साखर भुरभुरायची.

पाहुणे म्हणतात, ‘किती हलका झालाय!’ तो हलकेपणा येतो फेसण्यातून, आणि फेसण्यासाठी लागतो हात. हॅना ग्लास या बाईचं पाककृतींचं पुस्तक १७४७ साली लंडनमध्ये निघालं. पुस्तकावर तिचं नाव नव्हतं, ‘एका स्त्रीनं लिहिलेलं’ एवढंच छापलं होतं. त्यातल्या पौंड केकच्या कृतीत मिश्रण तासभर फेसायला सांगितलं आहे. एक तास! कुणाच्या हातानं, हे मात्र कृतीत कुठे येत नाही. पाककृतीची भाषाच तशी असते. ‘घ्या, फेसा, भाजा.’ करणारी कधी दिसतच नाही.

व्हिक्टोरिया सँडविचची कृती १८६१ साली इसाबेला बीटन यांच्या गृहव्यवस्थेवरच्या जाडजूड ग्रंथात छापून आली. या बाईंची कहाणी आपण ऐकण्यासारखी आहे. त्या काही रोज स्वयंपाक करणाऱ्या नव्हत्या. नवऱ्याच्या मासिकात पाककृतींचं सदर चालवताना त्यांनी वाचकांकडून कृती मागवल्या, तेव्हा दोन हजारांवर आल्या. बाकी बरंच एलायझा अ‍ॅक्टन यांच्यासारख्या आधीच्या लेखिकांच्या पुस्तकांतून घेतलं. नाव झालं ते ‘मिसेस बीटन’ हे एकच. कृती लिहून पाठवणाऱ्यांची नावं मागेच राहिली. आणि ज्या बाईकडे सगळं इंग्लंड आदर्श गृहिणी म्हणून बघत होतं, ती १८६५ साली चौथ्या बाळंतपणानंतर बाळंतज्वरानं गेली. वय २८.

आता कुणी म्हणेल, यंत्रं आली, सोयी आल्या, मग कष्ट कमी झालेच असतील. बेकिंग पावडर इंग्लंडमध्ये १८४३ साली आल्फ्रेड बर्ड यांनी तयार केली. पुढे दांडा फिरवून अंडी फेटायचं यंत्रही घरोघरी आलं. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ सालच्या आपल्या पुस्तकात हेच तपासलं. त्यांना आढळलं ते असं, की अंडी फेटायचं यंत्र आलं तसे पांढरं वेगळं, पिवळं वेगळं फेटायला लावणारे केक लोकप्रिय झाले. म्हणजे एका कामात वाचलेला वेळ अपेक्षा वाढून परत घेतला गेला. आपल्याकडे मिक्सर आला तेव्हा काय झालं ते आठवून बघा. पाटा-वरवंटा सुटला खरा, पण पूर्वी सणाला होणारे पदार्थ आता कुठल्याही मंगळवारी मागितले जातात.

हा केक खायचा कधी, तर दुपारच्या चहाला. ही प्रथा १८४०च्या दशकात बेडफर्डच्या डचेस अ‍ॅना मारिया यांनी पाडली असं सांगितलं जातं. रात्रीचं जेवण उशिरा होई आणि मधल्या वेळी त्यांना गळून गेल्यासारखं वाटे. भूक डचेसबाईंची होती. त्या वेळी पाणी उकळणारी, कपबशा मांडणारी आणि नंतर विसळणारी वेगळी होती. १९११च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये घरगडी म्हणून राबणाऱ्या बायकांची संख्या १३ लाखांवर होती. बायकांचा सगळ्यात मोठा रोजगार तोच. हॅना कलविक नावाच्या अशाच एका मोलकरणीनं एकोणिसाव्या शतकात रोजनिशी लिहिली, ती पुढे प्रसिद्धही झाली. चुली पेटवल्या, बूट पुसले, पायऱ्या घासल्या, अशा कामांच्या याद्याच त्यात आहेत. मालकिणीला दुपारचा निवांतपणा मिळतो तेव्हा तो कुणाच्या तरी दुपारीतून काढून घेतलेला असतो. आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताईंची दुपार कशी जाते, हे आपणही स्वतःला विचारायला हवं.

पण चहाच्या टेबलावरच्या बायका नुसत्या बसून राहिल्या असंही नाही. त्या काळी ब्रिटनमध्ये येणारी साखर मुख्यतः वेस्ट इंडीजच्या मळ्यांवरची, गुलामांच्या रक्ताघामाची. १७९१ साली गुलामांचा व्यापार बंद करायचा ठराव पार्लमेंटनं फेटाळला, तेव्हा असंख्य कुटुंबांनी ती साखर घरात आणणं सोडलं. मताचा अधिकार नसलेल्या बायकांच्या हातात साखरेचं भांडं तरी होतं! १८२५ साली बर्मिंगहॅममध्ये बायकांनी स्वतःची गुलामगिरीविरोधी संस्था काढली. एलिझाबेथ हेरिक यांनी लेस्टरमध्ये घरोघर जाऊन बहिष्काराचा प्रचार केला. पुरुष पुढारी ‘हळूहळू’ची भाषा करत असताना १८२४ साली गुलामगिरी ताबडतोब बंद करा असं पुस्तिका लिहून सांगणारी हीच बाई. १८३३ साली कायदा झाला, तो बघायला त्या राहिल्या नव्हत्या. त्या वेळी ‘ही साखर गुलामांनी केलेली नाही, ईस्ट इंडियाची आहे’ असं लिहिलेली भांडी विकली जात. म्हणजे आपल्याकडची साखर. ती पिकवणाऱ्याला इथे काय मिळत होतं, हा प्रश्न मात्र त्या भांड्यावर मावला नाही.

विसाव्या शतकात या केकची मोठी परीक्षक ठरली ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ ही संघटना. ती १८९७ साली कॅनडात सुरू झाली आणि १९१५ साली वेल्समधल्या एका गावातून ब्रिटनमध्ये आली. तिच्या स्पर्धांचे नियम कडक : जॅम रासबेरीचाच, मध्ये क्रीम नको, वर फक्त बारीक साखर, केकवर जाळीचे वळ उठता कामा नयेत. आपल्याला हसू येतं. पण याच संघटनेनं १९४३ साली समान कामाला समान वेतन मिळावं असा ठराव केला. जिथे बायका नियमित जमतात तिथे केकवरून वेतनापर्यंत गोष्ट जाऊ शकते. आपल्या हळदीकुंकवाकडे आणि भिशीकडेही या नजरेनं बघू या.

आता हिशोबाकडे येते. केक बेकरीतून आणला तर त्याची किंमत देशाच्या उत्पन्नात धरली जाते. तोच घरी केला तर लोणी, मैदा, अंडी धरली जातात, हात धरला जात नाही. पिगू या अर्थशास्त्रज्ञानं १९२० सालीच ही विसंगती दाखवली होती : एखाद्यानं आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केलं की राष्ट्रीय उत्पन्न घटतं. काम तेच, बाई तीच! न्यूझीलंडच्या मॅरिलिन वेअरिंग यांनी १९८८ साली याच प्रश्नावर अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे सरकारनं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तिच्यात असं दिसलं की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, तर करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि मुळात दिवसभरात असं काम करणारे पुरुष शंभरात २६, बायका ८१.

आमच्या गटानं एकदा हा केक घड्याळ लावून केला. तोलणं, चाळणं, डब्यांना लोणी लावणं २० मिनिटं. हातानं फेसणं १५. अंडी-मैदा मिसळणं १५. भाजणं २५, त्या वेळात घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. जॅम लावणं १०. चहा करणं, देणं, कपबशा गोळा करणं २५. भांडी घासणं २०. एकूण दोन तास दहा मिनिटं, गार व्हायला लागतो तो वेळ सोडून. खायला लागली दहा मिनिटं. कागदावर हे आकडे बघून एक जण म्हणाली, ‘आणि यांनी विचारलं, दुपारभर काय करत होतीस, तर मी म्हणणार, काही नाही.’

हे ‘काही नाही’ आपल्या तोंडून जायला हवं. त्यासाठी तीन गोष्टी सुचवते.

एक, प्रत्येक गटानं आठवड्यातला एक दिवस अशी वेळेची नोंद करावी आणि ती घरातल्या पुरुषांसमोर, मुलांसमोर वाचावी. भांडायला नको, नुसती वाचावी.

दोन, केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या मैत्रिणींनी किंमत ठरवताना सामान, गॅस, वीज यांच्यापुढे आपल्या तासांची मजुरी वेगळ्या रकान्यात मांडावी. बऱ्याच जणी फक्त सामानावर थोडे पैसे चढवतात आणि त्याला नफा म्हणतात. तो नफा नसतो. ती त्यांचीच मजुरी असते, तीही अपुरी. सगळ्यांनी मिळून दर ठरवला तर एकीला पाडून दुसरीकडून घेणंही थांबेल.

तीन, केकचा वर्ग काढाल तेव्हा मुलग्यांनाही बसवा. आणि फेसण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळं शिकवा. हौसेनं केक करून ओटा तसाच सोडून जाणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यात भर नको.

केक करूच नये असं मी म्हणत नाही. मला तो आवडतो. पण ज्या हातांनी तो होतो त्यांना चार वाजता गरम चहाचा कप घेऊन बसायची सवड मिळायला हवी, आणि ती मागताना त्यांना ओशाळायला होऊ नये. एवढं बोलून थांबते.